पपांनी घासलेला आरसा

रविवार, संध्याकाळ. उंब्रज.

दुर्बीण विकायची नाही. ठरलं. विकून मोठी घेणार होते. माधवनगरचा माणूस उद्या न्यायला येणार, म्हणून पपांनी तिचा आरसा काढून घासला. मिलिटरीत बक्कल घासायचे तसा, पावडर लावून. नुसते ओरखडे. मी भडकले. मग बघू तरी म्हणून गच्चीवर चंद्र लावला, आणि पपांनी पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावला. तिथून हलेचनात.

"खड्डे लय दिसत्यात गं. माझ्या घासण्यानं पडलं व्हय?"

"न्हाई पपा, ते चंद्राचेच हायत."

"मग ही दुर्बीण इकतीस कशाला?"

मोठी घेऊन तरी मी एकटीच बघणार होते ना? त्या माणसाला नको म्हणून कळवलं. ओरखडे तर आहेतच, फक्त आरसा नवा घेईन. तो मात्र पपांच्या पावडरीपासून लपवायचा.