आईला कोणाकडे न्यावे

धाकट्यास सप्रेम आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या निर्वासितांच्या निवाऱ्यात भांडी घासणारा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर देत आहे. आईला कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे, असे तू विचारलेस. आपले डॉक्टर माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतात. शिकलेले आम्ही सगळेच निघून आलो.

आईची सूज, तिचा दम, सारे त्यांना वाचून दाखवले.

"तिकडे कोण उरलंय?"

"तुमचा कंपाउंडर."

"तो वरच्या मजल्यावर आहे, भाऊसाहेब. कालच आला."

त्यांनी औषध सांगितले नाही. तिला उशांना टेकवून बसवावे आणि एकटी ठेवू नये, एवढेच म्हणाले.

तसे कर. तिने विचारले, तर दादा निघालाय म्हणून सांग.

तुझा,
दादा
निवारा, तळमजला
मंगळवार, सात तारीख