नदीपर्यंतचं ‘आपलं’

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं. पोचायला अकरा दिवस लागले. आज उत्तर लिहायला बसलोय, पण जे लिहायचं ते सोडून भलतंच आठवतंय.

आपल्या लहानपणी अण्णा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. उत्तरेकडची ती डोंगरातली गावं, तुझं आत्ताचं गाव धरून, आपल्यापैकी कुणी पाहिलीही नव्हती. तरी तिकडे पूर आला की आईच्या घशाखाली घास उतरत नसे. ‘आपलीच माणसं गं ती,’ म्हणायची. ती आपली आहेत हे तिला कुणी सांगितलं होतं? रोजच्या त्या पेपरानेच. तू लग्न होऊन नदीपलीकडे गेलीस, तेव्हा परगावी दिली एवढंच वाटलं आम्हाला.

मग देशाचे दोन झाले आणि नदी सरहद्द झाली. त्या सोमवारी अण्णांच्या त्याच पेपराच्या संपादकांनी आम्हा उपसंपादकांना बोलावून सांगितलं, “आजपासून ‘आपल्या’ हा शब्द नदीपर्यंतच. पलीकडचं सगळं ‘शेजारी देशात’.” हवामानाच्या तक्त्यातून तुमची गावं मीच काढली. सुरुवातीला हात चुकायचा, पुढे चुकेनासा झाला. आणखी एक नियम आला: अपघातात इकडचे गेले तर नावं छापायची, तिकडचे गेले तर नुसता आकडा. चार वर्षांत मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. लोकांचंही तेच. परवा वाण्याच्या दुकानात तुमच्याकडच्या दुष्काळाची बातमी वाचून एक जण म्हणाला, “बरं झालं, वेळेवर वेगळे झालो.” मी साखर घेतली आणि घरी आलो. ती बातमी मीच लिहिली होती.

आणि काल तुझं पत्र. भावोजी गेले, बस पुलावरून कोसळली. खाली तू विचारलंयस, “आपल्या पेपरात त्यांचं नाव आलं असेल ना रे? इकडे तो येत नाही आता. कात्रण पाठव, मुलांसाठी जपून ठेवीन.” तू अजून ‘आपल्या पेपरात’ लिहितेस, ताई.

कात्रण नाही. ती बातमी भर दुपारी टेलिप्रिंटरवरून माझ्याच टेबलावर आली होती, सत्तावीस नावांसकट. पूल तुमच्या गावापासून लांबचा, म्हणून मनात काही आलंच नाही. नावं न वाचताच त्यांच्यावर लाल रेघ ओढली, दोन ओळी ठेवल्या आणि चहाला गेलो. आज सकाळी कचेरीतली रद्दीची पोती उपसून तो कागद शोधून काढला. भावोजींचं नाव एकोणिसावं आहे. रेघेखालूनही नीट वाचता येतं. तो कागद सोबत पाठवतोय. रेघ कुणाची, हे तुझ्यापासून लपवणं मला जमलं नाही. मुलांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
धाकटा