टोक मनगटाकडे

क्लॅडा, गॉलवे
२० फेब्रुवारी १९८६

लाडक्या डर्व्हला,

भरभरून आशीर्वाद. मी धडधाकट आहे. वारा असा सुटलाय की माझी चादर दोरीवरून उडून शेजारच्या ब्रायडीच्या अंगणात पडली, आणि ती म्हणते, आता माझी! कोंबड्या अंडी देईनात. बॉस्टनला बर्फ आहे का अजून? हॉस्पिटलातली रात्रपाळी संपली का? वेळेवर जेवत जा.

तुझं कार्ड मिळालं. नाताळनंतर पहिल्यांदा लिहिलंस आणि तीही एकच ओळ: ‘आई, अंगठी कुठल्या हातात आहे?’ पेग आत्यानं कळवलेलं दिसतंय. तिच्या तोंडात आजवर कधी तीळ भिजलाय?

छप्पर गळत होतं, ते कोलमननं नीट करून दिलं. होय, तोच, धक्क्यावर होड्या बांधणारा. दहा प्रश्न विचारलेस तर एक वाक्य बोलतो, पण हात सोन्याचा आहे.

बरं, आता उगाच वळणं घेत नाही. उजव्या हातात आहे. तिच्यावरच्या हृदयाचं टोक मनगटाकडे.

तुला अर्थ सांगायला नको. बारकी होतीस तेव्हा भर बाजारात बायकांची बोटं बघून ओरडायचीस, “हिचं टोक बाहेर, ही मोकळी! हिचं टोक आत, हिचं जुळलंय! ही डाव्या हातात, टोक आत, हिला नवरा आहे!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा गेल्यावरही माझी अंगठी डावीकडेच होती, टोक आत. उजवीकडे गेली ती चुकून. सप्टेंबरात बांगडे साफ करताना काटा रुतला आणि बोट टम्म फुगलं. साबण लावून अंगठी ओढून काढली आणि घाईघाईत दुसऱ्या हातात चढवली. बाजार गाठायचा होता, टोक कुठे आलंय ते बघतंय कोण?

मासळीच्या पाटीमागून ब्रायडी किंचाळली, “अगं बाई, नोरीन! दुकान उघडलंस ते सांगायचं तरी!” सगळा बाजार खिदळला. खाटीक इतकं गोड बोलला की वाटलं, मटणाबरोबर स्वतःलाही बांधून देतोय. मला काही कळेना. तेवढ्यात कोलमन जवळ आला, टोपी काढून हळूच म्हणाला, “नोरीन, टोक बाहेर आहे. लोक बोलतील. फिरवून घे.”

मी बोटाकडे पाहिलं. खरं तर शरमेनं पाणी पाणी व्हायला हवं होतं. पण म्हटलं, “लोकांना बोलू दे. तुला काही बोलायचंय का?”

बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण बोलला.

टोक आत फिरवलं ते मी. नाताळात, चर्चच्या पायरीवर, तुझ्या आत्याच्या देखत. ते चुकून नव्हतं.

बाबांना विसरले असं मनातसुद्धा आणू नकोस. चहा करताना मी अजून त्यांच्याशी भांडते. हल्ली जिंकते, एवढाच फरक. पण घर खायला उठायचं ग. मी जिवंत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ईस्टरनंतरच्या शनिवारी आमचं लग्न. बाबांनी दिलेली ही अंगठी मी त्या लग्नात घालणार नाही, कोलमननं दुसरी आणलीय. आपल्याकडे आईची अंगठी लेकीकडे जाते, तेव्हा ती तुझी. पण पोस्टानं पाठवणार नाही, सांगून ठेवते. येऊन घे. रागावून ये, तोंड फुगवून ये. कोलमनशी बोलू नकोस हवं तर, तो तरी कुठे बोलतो? पण माझ्या बोटातून ती तूच काढायचीस. पुढे कुठल्या हातात, टोक कुठे, ते तुझं तू बघ. मी एका शब्दानं विचारणार नाही.

नाही आलीस तर फार लागेल मला. त्या दिवशी चर्चच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहीन. पण घंटा वाजली की आत जाईन.

तुझीच,
आई