जाळ्याचा वाकडा कोपरा

११ नोव्हें. ७५, सिद्धेश्वर

मुकादमानं पुन्हा कॅनॉलच्या गेटवर बसवलं. पाणी सोडायचं, बंद करायचं, मधी नुसतं बसायचं. माझं बूड एका जागी टिकत न्हाई. हिंडतो, बघतो. आज पाणी उतरलं तर गाळात टिटवीची पावलं. तीन-तीन काड्या, एका रांगेत, मधीच वळलेल्या. पुड्याच्या कागदावर शिसपेननं जशीच्या तशी उतरवली. चौथीत शाळा सुटली, अक्षर घाणेरडं, पण रेघ बराबर येते.

हिऱ्या माझ्याच तांड्याचा. इथल्या कॅम्पच्या ट्रकवर क्लीनर, सेनगावकडं फेऱ्या असतात, घरी जाऊन येतो. मला कुठली रजा. त्याला म्हटलं, हे सो.ला दे. कापडावर भरायला नवी नक्षी होईल. (पुरं नाव लिहीत न्हाई. वही कुणी उघडली तर.)

२० नोव्हें.

हिऱ्या आला. विचारलं, काय म्हणाली?
"टाके घालून राहिली."
एवढंच. एवढंच पुष्कळ. आज करडईचं पान दिलं. कडेला काटे, आत शिरा तळहातासारख्या.
याडीचा निरोप: लेकरा, होळीला ये, मग सो.च्या बापाशी लग्नाचं बोलू.

१४ डिसें.

सकाळी गेटच्या लोखंडावर कोळ्याचं जाळं, दवानं भरलेलं. सो.ची याद आली. लहान होतो. तिनं असंच जाळ्यात बोट घातलं, कोपरा फाटला, तर रडली. दुसऱ्या दिवशी मला ओढत नेलं. कोळ्यानं तेवढा कोपरा भरून घेतला होता, पण वाकडा.
"बघ, शिवलं त्यानं."
सगळ्या जाळ्यात तो कोपराच चांगला दिसत होता. कुणाला सांगितलं न्हाई आमी. हसले असते.
हे कागदावर काढलं न्हाई. हिऱ्याजवळ द्यायचं न्हाई. होळीला मीच...

८ जाने. ७६

ट्रक आला. हिऱ्याच्या कमरेला नवी कोथळी, पान-सुपारीची. लाल कापड, कडेला कवड्या. मधी पांढऱ्या दोऱ्यात टिटवीची पावलं. जिथं वळली होती तिथंच वळलेली.

डायवर चाचा सगळ्यांपुढं, "अरे, अपना हिरा तो बडा कारीगर निकला! खुद नक्शे बना के भेजे, छोकरी फिदा!" सगळे हसले. मी पण हसलो. काहून हसलो.

त्याला ट्रकमागं नेलं.
"लग्न ठरलं. परवा गूळ वाटला. सांगणारच होतो तुला."
"पावलं माझी हायेत."
"तिनं विचारलं, कुणी काढलं? हसून विचारलं रे. तोंडातून निघून गेलं, मी म्हणून." मग, "सोनीला मी आवडलो, त्यात माझा काय गुन्हा?"

ज्या नावाचं मी एकच अक्षर लिहीत आलो, ते त्यानं पुरं घेतलं. बिडी मागावी तसं.

११ जाने.

टिटवी ओरडून राहिली. दगड मारला. लागला न्हाई, बरं झालं. पावलं तर तिचीच होती. मी तरी कुठं विचारून घेतली.
असं म्हणून हिऱ्याला माफ करून बघितलं. होत न्हाई.

२ फेब्रु.

आता काही बघायचंच न्हाई, ठरवलं. खाली मान घालून काम. खाली मान घातली तर उतरत्या पाण्यानं गाळावर सोडलेल्या रेघा. एकीखाली एक, कुणी फणी फिरवावी तशा. डोळे पण माझे न्हाईत.

९ फेब्रु.

हिऱ्या गेटवर आला, कोरा कागद घेऊनच.
"एक काढून दे, थावऱ्या. मागून राहिली ती. म्हणते, आता काहून काढत न्हाईस? परवा तर समोर बसवलं, कोंबडी काढ म्हणे. बोट दुखतंय म्हणालो."
"कोंबडी तर लेकरू पण काढतंय."
"तुला काय, सोपं हाय."

थोबाडीत द्यावी वाटली. मग म्हटलं, आण कागद.

जाळं काढलं. सगळे धागे सरळ, एकसारखे. खालच्या कोपऱ्यात फाटलेलं, वाकडं शिवलेलं. हिऱ्यानं चार घड्या केल्या, खिशात घातलं. बघितलंसुद्धा न्हाई.
"दोस्त हायेस," म्हणाला.

२७ फेब्रु.

मी विचारणार नव्हतो. त्यानंच सांगितलं, टायर धुताधुता.
"लई वेळ बघत बसली. मग म्हणे, हा कोपरा असा काहून?"
"तू काय म्हणालास?"
"म्हणालो, चुकला. सरळ करून घे."
"मग?"
"मग काय. सुईत दोरा ओवला. लग्नाच्या ओढणीवर घेणार हाय म्हणे."

होळी जवळ आली. रजा मागितली न्हाई अजून. गेलो तर कुणाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्या ओढणीवरचा कोपरा बघावा लागंल, सरळ केला का वाकडाच ठेवला.