मामांच्या दाराची कडी

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. माझ्या अक्षराला तू मुंग्यांची पळापळ म्हटलेस. कान फोनला आणि हात कागदाला असलेल्याचे दुसरे काय होणार?

आमच्या मदत-फोनच्या कक्षातून यंदा दोघे नोकरी सोडून गेले. संकटात सापडलेली माणसे दिवसभर कानात रडतात. रुग्णवाहिका पोचण्याआधीच पलीकडचा आवाज थांबला, की आम्हाला पुढचा फोन उचलवत नाही. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवरचे मामा (नात्याने कुणाचेच नव्हेत, म्हणून सगळ्यांचे) आपल्या दाराच्या कडीचे वर्षानुवर्षांचे रडगाणे लावतात. ती म्हणे पुन्हा निखळली. मग कुणी खिळा सुचवतो, कुणी सुतार, कुणी दारच बदलायला सांगतो, आणि मामा सगळ्यांना मूर्खात काढतात. तेवढ्यात हात पुढच्या फोनकडे वळतो. साहेबांना हा पोरखेळ वाटतो. ताण कमी करण्याची रीतसर योजना त्यांनी मागितली आहे. तू हाच विषय शिकवतेस, म्हणून तुला साकडे.

लोभ आहेच; तो असाच राहू द्यावा.

तुझा,
धाकटा

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

योजना सोबत आहे. खाडाखोड न करता द्यावी. कठीण फोननंतर माणसाला गप्पा नव्हे, शांतता हवी. वेगळी खोली, मऊ खुर्ची, मंद दिवा, घटकाभर एकांत. आत कुणी बोलू नये. कडीपुराण हा उपचार नव्हे. इतक्या वर्षांत ज्यांना स्वतःच्या दाराची कडी बसवता आली नाही, त्यांच्या हाती इतरांची मने सोपवणे मला पटत नाही.

जेवण वेळेवर घेत जावे, म्हणजे माझा लोभ सत्कारणी लागेल.

तुझी,
ताई

दि. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोली तुझ्या शब्दाबरहुकूम झाली. साहेब खूश आहेत.

गेल्या आठवड्यात मामांच्या फोनवर एक लहान मुलगी आईला उठवत होती. आई उठली नाही. मामा फोन ठेवून आमच्याकडे वळले, तोच साहेबांनी त्यांना अदबीने खोलीत नेले. दार लागले. नियम होता, म्हणून आम्ही कुणी गेलो नाही. बाहेर आल्यावर मामांनी डबा उचलला आणि ते घरी गेले. पुन्हा आले नाहीत.

काल मी त्यांच्याकडे गेलो. निमित्त हवे म्हणून हातोडी-खिळे नेले होते. मामांनी बसायला सांगितले, त्यापुढे एक शब्द नाही. निघताना दार मीच ओढून घेतले. ताई, कडी भक्कम आहे. तिच्यावरचा रंगसुद्धा जुना आणि सलग आहे. ती कधी निखळलीच नव्हती.

आज माझ्या फोनवरचा आवाज थांबला. खोलीत बसून आलो. खुर्ची खरोखरच मऊ आहे.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

दि. २५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी लागेनाशी झाली आहे. वारा आला की आपटते. तुझे मेहुणे म्हणतात लाकूड फुगले. मी म्हणते बिजागरी वाकली. त्यावर त्यांचे म्हणणे, पुस्तके वाचून बिजागऱ्या कळत नाहीत. तुला काय वाटते, ते उलट टपाली कळव. अक्षर कसेही चालेल.

मामांकडे जाशील तेव्हा त्यांनाही विचार. बोलले नाहीत, तर पुन्हा जाऊन विचार. त्यांचे उत्तर येईपर्यंत मी सुताराला खिडकीला हात लावू देणार नाही.

वाट पाहते.

तुझी,
ताई