नऊ वाजायच्या आधीची नोंद

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच समज. प्रत्यक्ष वाकायचं म्हटलं तर सध्या डॉक्टरांना विचारावं लागेल, ते प्रकरण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींना आता ऐकू येतं की अजून सोयीचं तेवढंच येतं? इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल की तुझ्या पत्रातला "छातीत दुखतं असं कळलं, खरं काय ते लिही, गोलगोल लिहू नकोस" हा दम वाचून मीच चपापलो. म्हणजे तुझ्या भावजयीनं फोनवर सगळं ओकलेलं दिसतंय. बायकोला नणंदेचा थोडा धाक असतो असं मी ऐकून होतो. आमच्याकडे दोघींनी मिळून मलाच धाकात ठेवलं आहे. तेव्हा आता अथपासून इतिपर्यंत लिहितो.

माझं काम तुला ठाऊक आहे, पण दाजींसाठी पुन्हा सांगतो, कारण ते अजून मला बर्फाच्या कारखान्यातला समजतात. आमचं शीतगृह आहे. आठ खोल्या. आइस्क्रीमच्या खोल्या उणे अठरावर, फळांच्या दोनवर. दर तासाला प्रत्येक खोलीच्या दारावरचा काटा बघायचा, आकडा वहीत लिहायचा आणि सही करायची, हे माझ्या खात्याचं काम. गेली सव्वीस वर्षं मी हे अत्यंत चोख करतो आहे. म्हणजे सकाळी नऊला चहा येतो, तेव्हा मी संध्याकाळी सहापर्यंतचे सगळे आकडे एका बैठकीत लिहून टाकतो. यात लबाडी नाही, ताई. जो काटा काल हलला नाही, परवा हलला नाही, तो आज तरी कशाला हलेल, असा शुद्ध विचार आहे. उलट त्यात मी कसब आणलं. दोन पेनं वापरायची, म्हणजे शाई बदलते. दुपारी दोनच्या आकड्यात अर्धा अंश इकडचा तिकडे करायचा, कारण अगदीच सरळ रेघ दिसली की संशय येतो. आठवड्यातून एकदा चहाचा डाग. खात्यात नवीन माणूस आला की ही विद्या मीच शिकवतो, आणि आज तिथली सात माणसं माझ्याच हाताखाली तयार झाली आहेत, हे मी आजवर अभिमानानं सांगत होतो.

मग नवे साहेब आले. हे साहेब रागवत नाहीत. आधीचे रागवायचे, टेबलावर फाइल आपटायचे, आणि अर्ध्या तासानं चहा पाजायचे. त्या रागाची आम्हाला सवय होती. हे नुसतं "बघू" म्हणतात. रजा मागितली, बघू. पंखा बिघडला, बघू. त्यांचं नावच आम्ही बघूसाहेब ठेवलं. तर या बघूसाहेबांनी आल्या आल्या प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढी एक डबी बसवली. ती डबी तापमान आपलं आपण टिपते आणि थेट कॉम्प्युटरला कळवते. आम्हाला वाटलं, भिंतीला वास मारणारी काहीतरी वस्तू असेल. महिनाभरानं त्यांनी मला वर बोलावलं. टेबलावर एका बाजूला डबीचा कागद, दुसऱ्या बाजूला माझी वही. एका मंगळवारी पाच नंबरच्या खोलीचं यंत्र तीन तास बंद पडलं होतं, आतल्या आइस्क्रीमचं सरबत होऊन पुन्हा गोठलं होतं, आणि माझ्या वहीत त्याच तीन तासांत उणे अठरा, उणे अठरा, उणे साडेअठरा. (तो अर्धा अंश, ताई! यंत्र बंद असताना माझी खोली आणखी गार झाली होती.) साहेबांनी दोन्ही कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बघू."

याला आता सात आठवडे झाले. काय बघणार, कधी बघणार, काही पत्ता नाही. नोकरी जाणार की नुसता दंड, की माझ्या सात शिष्यांचीही वरात निघणार, कशाचा थांग नाही. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या वतीनं माझी चौकशी करतो आणि दर वेळी मला दोषी ठरवतो. झोप गेली. सोडलेली सिगारेट परत आली (हे तुझ्या भावजयीला सांगू नकोस, तिला वासावरून कळलं आहे, पण मी कबूल केलेलं नाही). आणि साहेबांच्या खोलीकडे जाणारा जिना आहे, चौदा पायऱ्यांचा, त्याच्या नवव्या पायरीवर छातीवर कुणीतरी गोणी ठेवल्यासारखं वाटायला लागलं. खाली उतरून बसलं की जातं. रविवारी येतच नाही. यावरून मी शास्त्रीय निष्कर्ष काढला की हा गॅस आहे, आणि तो फक्त कामाच्या दिवशी होतो. सोडा प्यायलो. ढेकर आले, गोणी तिथेच.

शेवटी तुझ्या भावजयीनं तुझी भीती घालून मला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. मला काका म्हणाल्या, त्यामुळे खोटं बोलणं आणखी अवघड झालं. काम काय, वेळ काय, झोप किती, सिगारेट किती, वरचा माणूस कसा, सगळं विचारलं. म्हणाल्या, कामावरचा ताण महिनोन्महिने राहिला की रक्तदाब चढतो, झोप उडते, माणूस सिगारेटकडे वळतो, आणि या सगळ्यांचा भार हृदयावर पडतो. पण सगळं साहेबांच्या माथी मारून घरी जाऊ नका, दुखतंय म्हणजे आतून तपासायलाच हवं. फॉर्ममध्ये "घरात कुणाला हृदयविकार?" या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? मी म्हणालो, गॅसनं. वय? चौपन्न. कुठे? ऑफिसात, खुर्चीवर. त्यांनी "नाही" खोडून "हो" लिहिलं. ताई, इतकी वर्षं आपण सगळ्यांना अण्णा गॅसनं गेले असं सांगत आलो, आणि त्या दिवशी परक्या माणसासमोर ते तोंडातून निघालं तेव्हा मला माझीच लाज वाटली. आणि भीतीही वाटली, ती लिहून ठेवतो. मी त्रेपन्न पूर्ण केलीत.

तर त्यांनी छातीला पाच-सहा तारा चिकटवल्या, कमरेला एक डबी बांधली (माझ्या नशिबी डब्याच!) आणि सांगितलं, ही चोवीस तास ठेवायची, रोजच्यासारखं कामावर जायचं, आणि सोबतच्या कागदावर दर तासाला लिहायचं, काय करत होतो आणि कसं वाटत होतं. उद्या सकाळी आणून द्यायचं. मी मान डोलावली, कामावर गेलो, नऊला चहा आला, कागद समोर होता, पेनं खिशात होती. पुढे काय झालं ते तू ओळखलंसच. मला खरंच कळलं नाही गं. दहा: कामात, स्वस्थ. अकरा: चहा, स्वस्थ. एक: जेवण, समाधान. रात्री तीन: गाढ झोप. सकाळी सात: उठलो, ताजातवाना. दोन पेनं. दुपारी दोनला किंचित जांभई, म्हणजे खरं वाटावं.

आणि मग तो दिवस उजाडला, म्हणजे कागदावर संपल्यावर प्रत्यक्षात सुरू झाला. फळांच्या खोलीत कोट चढवताना एक तार कॉलरमधून बाहेर आली. ती आमच्या हिशेबनिसानं पाहिली. अर्ध्या तासात सगळीकडे बातमी, की हे अंगावर यंत्र लावून साहेबांचं बोलणं टिपताहेत. मी गेलो की माणसं गप्प व्हायची. एकानं माझ्या पोटाकडे वाकून "मी साहेबांविषयी कधीच काही बोललेलो नाही" असं स्पष्ट उच्चारात सांगितलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी साहेबांनी वर बोलावलं. नवव्या पायरीवर गोणी आली. वर गेलो तर साहेब चक्क उभे राहिले! बसा म्हणाले. पाणी दिलं. "तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही," असं कमरेच्या डबीकडे बघत दोनदा म्हणाले. बघू म्हणणारा माणूस पूर्ण वाक्यं बोलतो आहे हे पाहून मला इतका दरदरून घाम फुटला की एक तार सुटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला डॉक्टरीणबाईंनी आलेख आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले. (मी ही मांडणी ओळखली.) अकरा वीसला ठोके एकशे अडतीस, कागदावर चहा, स्वस्थ. रात्री तीनला माणूस घरात येरझाऱ्या घालतो आहे. कागदावर गाढ झोप. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, इथे लिहिलंय, नऊ वाजता दवाखान्यात, आनंदात. नऊ अजून वाजायचे आहेत." मी त्यांना माझं काम सांगितलं. त्या खूप हसल्या, मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, "काका, वहीत काहीही लिहा, पण मला तुमचं तापमान खरं हवंय हो." मी मान खाली घातली. मग त्यांनी बुधवारची पट्ट्यावर चालण्याची चाचणी लिहून दिली.

ती चाचणीही छान पार पडली. भरभर चाललो, दमलो नाही, गोणी आली नाही. निकाल उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसता ताण आहे, जरा फिरायला जात जा. तेव्हा ताई, काळजीचं काही कारण नाही. तुझा गुडघा दुखत असताना एवढ्या लांब येण्याची मुळीच तसदी घेऊ नकोस. दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा न वाकता दंडवत.

तुझा धाकटा

ता. क. वरचा सगळा मजकूर मी सोमवारी लिहिला. चाचणी बुधवारी होती. आज गुरुवार आहे.

ता. क. २. चौथ्या मिनिटाला पट्टा थांबवला. गोणी आली होती. रक्तवाहिनीत अडथळा असावा असं त्या म्हणतात. पुढच्या गुरुवारी आत नळी घालून बघायचं आहे आणि गरज पडली तर तिथल्या तिथे उघडायची आहे. वेळेत आलात, असंही म्हणाल्या. तोवर गोळ्या, आराम, कामावर जायचं नाही. साहेबांकडे काल फोनवर वहीचं सगळं कबूल केलं, शिष्यांचा दोष नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, "आधी बरे व्हा." (मग म्हणाले, बघू.) तुझ्या भावजयीला मी पत्राचा वरचाच भाग वाचून दाखवला आहे आणि साठलेली रजा घेतली असं सांगितलं आहे. तिला खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ताई, तू ये. तू शेजारी बसलीस की मी सांगेन. मला फार भीती वाटते आहे.

ता. क. ३. ताई, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तसंही काल दवाखान्यातून गुरुवारची वेळ कळवायला फोन आला होता, तो मीच घेतला. फॉर्मवर ह्यांनी माझाच नंबर लिहिला आहे. पिशवी भरून कपाटामागे ठेवली आहे. हे तुमच्यासमोर सांगतील तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवीन, तुम्हीही तेवढं सांभाळून घ्या. रडायचं ते मी आजच रडून घेतलं आहे. मंगळवारच्या गाडीनं या, मी स्टेशनवर येते.