रस्त्यापलीकडच्या बायका

श्रीवर्धन

ती. आईस राहीचा नमस्कार.

तुझं मेतकूट पोचलं. जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

काल आमच्या संस्थेने समाजमंदिरात एचआयव्ही असलेल्यांना बोलावलं होतं, काय मदत हवी ते त्यांनाच विचारायला. आमच्या साहेबांनी दारावर ‘एचआयव्ही’ लिहिलेला भलामोठा बॅनर लावला. फोटोत दिसायला हवा म्हणून काढू देईनात.

चार बायका आल्या, बॅनर बघून समोर शहाळेवाल्यापाशी थांबल्या आणि एसटीने परत गेल्या. मला हाकही मारता येईना. मी एचआयव्हीचं काम करते हे इथे सगळ्यांना माहीत आहे; मी रस्त्यात कोणाशी बोलले की त्यांना काय झालंय ते बाजारभर कळतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? तू दिवाळीनंतर इकडे येणार होतीस ना? नको येऊस, मीच येईन. माझ्याबरोबर दिसलीस तर लोक तुझ्याकडेही तसंच बघतील.

तुझी,
राही